नागपुरात हायड्रेंजियाची छाट कलमं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर हिवाळ्यात आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये हायड्रेंजियाच्या भरगच्च फुललेल्या कुंड्या येतात. लोक हौसेनं घेऊन जातात आणि मे संपेपर्यंत त्यातल्या बऱ्याच कुंड्यांत नुसत्या काड्या उरतात. मग विचारणा सुरू होते, "याची काडी लावली तर जगेल काय?" जगते. काडीला मुळं फुटणं हा सोपा भाग आहे. अवघड आहे तो कलमाचा पहिला उन्हाळा, म्हणून खालची बरीच उत्तरं फिरून तिथेच येतात.

काडीपासून हायड्रेंजिया खरंच होतो? की संत्र्यासारखा डोळा बांधावा लागतो?

डोळा बांधायची गरज नाही. संत्र्याचा डोळा जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधावा लागतो, हायड्रेंजिया स्वतःच्याच मुळांवर वाढतो. जास्वंद किंवा गुलाबाची फांदी खोचतो तोच हा प्रकार, छाट कलम. उलट गुलाबापेक्षा हा जास्त समजूतदार आहे. कोवळ्या फांदीला तीन-चार आठवड्यांत मुळं येतात. नर्सरीत मिळतो तो मोठ्या पानांचा, गोल गुच्छांचा हायड्रेंजिया मूळचा जपानचा, आणि इथली सगळी उत्तरं त्याच जातीबद्दल आहेत.

काड्या कोणत्या महिन्यात लावायच्या?

नागपंचमी ते पोळा. एवढं एक लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

कारण असं की त्या दिवसांत आपली हवा थोडे दिवस का होईना, हायड्रेंजियाच्या मनासारखी असते. पारा तिशीच्या आसपास, हवेत भरपूर ओल, आकाश ढगाळ. मुळं नसलेली फांदी पानांतून पाणी गमावत असते आणि खालून तिला फारसं काही मिळत नसतं. हवाच ओली असेल तर तिचा हा तोटा कमी होतो. ऑक्टोबरात पाऊस गेला की हवा एकदम कोरडी होते आणि त्याच काड्या दोन दिवसांत माना टाकतात.

दुसरं कारण फुलांचं आहे. हायड्रेंजिया पुढच्या हंगामाची कळी थंडीच्या तोंडावर फांदीच्या शेंड्यात धरतो. नोव्हेंबरात शेंडा कापला तर फूलही गेलं, आणि कळी धरलेल्या शेंड्याला मुळंही नीट फुटत नाहीत.

फेब्रुवारीतही कोवळी फूट येते आणि हात शिवशिवतात, हे मान्य. पण तेव्हा लावलेल्या काडीला मार्चच्या मध्यावर जेमतेम मुळं येतात आणि समोर एप्रिल उभा असतो. तरी हिवाळ्यात नवी कुंडी आणली असेल, तर त्यातल्या बिनफुलाच्या दोन फांद्या लगेच लावून घरातच उजेडात ठेवा. आईझाड उन्हाळ्यात गेलंच, तर वंश बुडू नये म्हणून.

फांदी कशी ओळखायची?

या वर्षी फुटलेली, फूल न आलेली, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. वाकवून बघा. नुसतीच रबरासारखी वाकली तर फार कोवळी आहे, कुजेल. वाकलीच नाही आणि साल तपकिरी, खरखरीत असेल तर जून झाली, मुळांना फार वेळ घेईल. थोडी वाकून टचकन मोडली तर तीच हवी. अशा फांदीचा खालचा भाग हिरवा असतो, पण नखानं दाबला तर ठसा सहज उमटत नाही.

सकाळी सातच्या आत कापा, पानं पाण्यानं टरारलेली असताना. दुपारी कापलेली फांदी आधीच तहानलेली असते.

कापायची कशी?

हायड्रेंजियाची पानं समोरासमोर जोडीनं येतात. पानांची जोडी जिथून निघते ती फांदीवरची गाठ. मुळं सगळ्यात चटकन याच गाठीपाशी फुटतात. म्हणून चार ते सहा इंचांचा तुकडा घ्या, त्यात किमान दोन गाठी हव्यात, आणि खालचा काप गाठीच्या अगदी खाली, पाव इंचावर द्या. खालची पानं काढून टाका, वरची एक जोडी ठेवा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, आधी स्पिरिटनं पुसून घ्या. घरात ब्लेड असेल तर ते सिकेटरपेक्षा बरं, कारण सिकेटर कोवळी फांदी थोडी चेचतो आणि चेचलेल्या जागेतून कूज शिरते.

शेंड्याचा तुकडा लवकर लागतो. लांब फांदी असेल तर खालचे तुकडेही लावता येतात, फक्त वरची-खालची बाजू उलटी होऊ देऊ नका. हसू नका, होतं असं. म्हणून मी वरचा काप सरळ देते आणि खालचा तिरपा.

उरलेली पानं अर्धी कापायला सांगतात, ते कशासाठी?

पान मोठं असतं, तळहाताएवढं. तेवढ्या पानाला पुरेल एवढं पाणी बिनमुळांची काडी ओढू शकत नाही. पण पान अजिबात ठेवलं नाही तर मुळांसाठी अन्न कुठून येणार? म्हणून आडवं अर्धं कापायचं. दिसायला वाईट दिसतं, दिसू द्या.

माती कोणती? घरची काळी माती चालेल?

नाही. काळी माती ओली झाली की चिकटून बसते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा कोवळी मुळं मरतात. शिवाय तिच्यात चुनखडी असते. त्याचं पुढे रंगाच्या प्रश्नात सांगते.

अर्धा भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धा भाग परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खनिज दाणे) घ्या. परलाइट नसेल तर जाड रेती. बांधकामाच्या ढिगातली कन्हान नदीची रेती चालते, पण चाळून बारीक भुकटी टाकून द्या आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. कोकोपीटही दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यात कित्येकदा खारटपणा राहिलेला असतो. मिश्रण मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर ते जास्त ओलं आहे. यात खत अजिबात घालू नका. गांडूळखतही नाही.

रूटिंग पावडर लागतेच का? दालचिनी, कोरफड, मध चालेल?

लागतेच असं नाही. हायड्रेंजियाची काडी पावडरशिवायही लागते. पावडरीनं मुळं थोडी लवकर आणि जास्त येतात, एवढाच फरक. घ्यायचीच तर कोवळ्या फांदीसाठी असलेली सौम्य घ्या, टोक बुडवा आणि झटकून टाका. थापून लावली तर टोक काळं पडतं.

दालचिनी बुरशीला थोडी आवरते, मुळं फोडत नाही. मधाचंही तेच. कोरफडीचा गर लावलेल्या आणि न लावलेल्या काड्या मी शेजारी-शेजारी ठेवून बघितल्या, मला काही फरक दिसला नाही.

वरून पिशवी घालायची? किती दिवस?

घालायची. काडी खोचण्याआधी पेन्सिलीनं भोक पाडा, म्हणजे पावडर पुसली जात नाही. एक गाठ पूर्ण मातीत जाऊ द्या, बाजूनं हलकं दाबा, एकदा पाणी द्या. मग खराट्याच्या तीन काड्या उभ्या करून वर पारदर्शक पिशवी घाला, पानांना चिकटणार नाही अशी. दोन लिटरची पाण्याची बाटली बूड कापून, झाकण वर ठेवून घातली तरी चालते, झाकण उघडून वाराही देता येतो.

रोज सकाळी पाच मिनिटं पिशवी उघडा. आतून थेंब जमले असतील तर पाणी घालू नका. जागा उजेडाची, पण ऊन मुळीच नको. उघडीप मिळाल्यावर श्रावणातलं तासभर ऊनसुद्धा त्या पिशवीची भट्टी करतं.

मुळं फुटली की पिशवी एकदम काढू नका. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास, मग अर्धा दिवस, असं आठवडाभरात सोडवा. तान्ह्या बाळाला बाहेर न्यायला शिकवतो तसंच.

पाण्याच्या ग्लासात ठेवली तर?

मुळं येतात, आणि ती बघायला मजाही येते. पण पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मातीत लावताना मोडतात आणि मातीची सवय व्हायला वेळ घेतात. मुलांना दाखवायचं असेल तर एक काडी ग्लासात ठेवा, बाकीच्या मातीत लावा. ग्लासातलं पाणी दोन दिवसांनी बदला आणि मुळं इंचभर होताच काडी मातीत हलवा.

मुळं आली हे कसं कळायचं? नवं पान आलं म्हणजे झालं ना?

नवं पान फसवतं. काडीत साठलेल्या शिदोरीवरही एक जोडी पानं फुटतात. तीन आठवड्यांनी काडीला दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढा. मातीनं धरून ठेवल्यासारखं वाटलं तर मुळं आहेत. अलगद वर आली तर परत खोचा आणि दहा दिवस हात लावू नका. रोज उपटून बघणाऱ्यांच्या काड्या लागत नाहीत, हे मी स्वतःवरून सांगते.

प्लास्टिकचे पारदर्शक ग्लास भोकं पाडून वापरले तर ही उत्सुकता सुखरूप भागते. मुळं भिंतीला टेकलेली बाहेरून दिसतात. फक्त ग्लास दुसऱ्या अपारदर्शक भांड्यात ठेवा, कारण मुळांना अंधार हवा.

काडी खालून काळी पडते. काहून?

पाणी जास्त. दहातल्या नऊ वेळा हेच. उरलेल्या एका वेळी सिकेटर घाण होता किंवा मातीत खत होतं. काळी पडलेली काडी वाचत नाही, ती लगेच काढून टाका, नाहीतर त्याच ग्लासातल्या बाकीच्या काड्यांनाही लागण होते. पानावर राखाडी लव दिसली तर पिशवीत वारा कमी पडतोय.

मोठ्या कुंडीत कधी हलवायचं?

ग्लासच्या तळाशी मुळं दिसायला लागली की, साधारण दोन महिन्यांनी. पोळ्याआधी लावलेलं कलम दसऱ्या-दिवाळीच्या दरम्यान सहा इंची कुंडीत जावं. थेट बारा इंची कुंडीत टाकू नका. मुळं थोडी आणि माती फार असली की माती वाळत नाही. मिश्रणात कोकोपीट, चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत आणि थोडी रेती. चार-पाच इंचांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे दोन फांद्या फुटतात. हे दिवाळीच्या आत उरका, नंतर शेंड्यात कळी असते.

आईझाडाला निळी फुलं होती, कलमाला गुलाबी आली. फसवलं का?

कोणी फसवलं नाही. छाट कलम म्हणजे आईझाडाचीच हुबेहूब नक्कल. रंग बदलला तो मातीनं.

हायड्रेंजियाच्या फुलातलं रंगद्रव्य एकच आहे. त्याला अॅल्युमिनियम मिळालं की ते निळं दिसतं, नाही मिळालं की गुलाबी. अॅल्युमिनियम जवळजवळ प्रत्येक मातीत असतं, पण ते मुळांच्या हाती लागतं फक्त आम्ल मातीत. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; जितका कमी तितकी माती आम्ल) साडेपाचच्या खाली असेल तर निळं, साडेसहाच्या वर गेला की गुलाबी, आणि मधे जांभळट गोंधळ. आपल्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसातच्या वर असतो, बोअरचं पाणीही जड. थंड प्रदेशात किंवा आम्ल मिश्रणात वाढवलेली निळी कुंडी नागपूरला आली की वर्षभरात ती गुलाबी व्हायचीच. पांढऱ्या जाती पांढऱ्याच राहतात, त्यांच्यात हे रंगद्रव्यच नसतं. आणि जे रंगीत दिसतं त्या पाकळ्या नव्हेतच, ती फुलाची बाहेरची निदलं आहेत. म्हणून तर गुच्छ महिना-महिना टिकतो.

निळं हवंच असेल तर कोकोपीटच्या कुंडीत करून बघा. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा तुरटीची पूड, पंधरा दिवसांतून एकदा, कळी दिसण्याच्या आधीपासून. तुरटीत अॅल्युमिनियमही आहे आणि ती मातीला आम्लही करते. पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. हाडांचा चुरा किंवा डीएपी खत घालू नका, त्यातला स्फुरद (फॉस्फरस) अॅल्युमिनियमला बांधून ठेवतो. राख आणि अंड्याची टरफलंही नकोत, ती सामू वर नेतात. आणि नुकत्याच लागलेल्या कलमाला तुरटी चुकूनही नको, कोवळी मुळं जळतात. काळ्या मातीत मात्र पोतंभर तुरटी ओतली तरी चुनखडी तिला पुरून उरते. मला विचाराल तर गुलाबीच छान दिसतं.

पानं पिवळी पडली पण शिरा हिरव्या आहेत.

लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण चुनखडीच्या मातीत झाडाला ते उचलता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह, पानांवर फवारलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसतो. मूळ उपाय मात्र मिश्रण बदलणं आणि पावसाचं पाणी देणं हाच. पाकिटातलं युरिया घालून पानं हिरवी करायला जाऊ नका.

नागपूरच्या उन्हाळ्यात कलम वाचवायचं कसं?

इथे जरा सविस्तर सांगते, कारण माझी पहिली सहा कलमं इथेच गेली.

मार्च अखेरपर्यंत ती टवटवीत होती. एप्रिलमध्ये एका दुपारी चारला पानं लोंबलेली दिसली, म्हणून मी गच्चीवरच्या नळाची नळी ओढली आणि भरपूर पाणी घातलं. गच्चीवरची टाकी काळी, पाइप उन्हात पडलेला. पाणी हाताला चटका बसेल इतकं तापलेलं होतं, हे मला कुंडी भिजल्यावर कळलं. संध्याकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी झाली होती, वासही तसाच. दुसऱ्या दिवशी देठापासून गळाली.

तेव्हापासून झाडांचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून घरात ठेवते आणि सकाळी सहाला देते.

दुसरी गोष्ट, दुपारी पान लोंबणं म्हणजे तहानच असं नाही. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत माती ओली असतानाही हायड्रेंजिया पानं पाडतो, कारण मुळं पाणी ओढतात त्यापेक्षा पानं जास्त उडवतात. बोट दोन पेर मातीत घाला. आत ओल असेल तर काही करू नका, रात्री आठ वाजता झाड आपोआप उभं राहतं. लोंबलं की पाणी, लोंबलं की पाणी, असं केलं तर मुळं कुजतात आणि मग झाड खरोखरच पाण्यावाचून मरतं.

जागा उत्तरेची किंवा पूर्वेची. सकाळी आठपर्यंतचं ऊन पुरे. पश्चिमेची भिंत टाळा, ती रात्री दहापर्यंत उष्णता ओकत असते. वर पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी जाळी लावा. मातीची कुंडी दुसऱ्या मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत रेती भरा आणि ती रेती भिजत ठेवा. माठ जसा पाणी गार करतो तशी ही रेती मुळं गार ठेवते. मातीवर नारळाच्या शेंड्या किंवा वाळका पालापाचोळा पसरा.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, मात्र मी कशावरच विसंबत नाही. मेच्या मध्यापासून पहिल्या चांगल्या पावसापर्यंत कलमं कूलरच्या खोलीत, खिडकीजवळ, पण कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशी. त्या खोलीतली ओलसर हवा त्यांना मानवते. झोतात ठेवली तर पानांच्या कडा करपतात. बाहेर काढतानाही दोन पाऊस होऊ द्या, जूनमधलं उघडिपीचं ऊन फसवं असतं.

आणि दर श्रावणात चार नव्या काड्या लावत राहा. जुनं झाड कितीही ठणठणीत असलं तरी.

डिसेंबरात सगळी पानं गळाली. मेलं का?

थांबा, फेकू नका. हा पानगळीचा स्वभाव असलेला झुडूप आहे आणि आपल्याकडे थंडीत पारा दहाच्या जवळ उतरला की तो पानं टाकू शकतो. नखानं साल किंचित खरवडा. खाली हिरवं दिसलं तर झाड झोपलंय. पाणी कमी करा, बंद करू नका.

कलमाला फूल कधी येतं? महालक्ष्म्यांच्या सजावटीला मिळेल का?

श्रावणात लावलेल्या कलमाला नशीब जोरावर असेल तर येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा लहान गुच्छ, नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी कळी आली तर खुडा, असं सगळे सांगतात. मी खुडत नाही, माझ्यानं होत नाही. महालक्ष्म्या भाद्रपदात, तेव्हा आपल्या झाडावर फूल नसतंच. वाळवून ठेवलेले गुच्छ मात्र वापरता येतात.

छाटणी फुलं उतरल्याबरोबर करा. दिवाळीनंतर केली तर कळ्याच कापल्या जातात. "झाड चांगलं आहे पण फूल येत नाही" या तक्रारीमागे बहुधा हीच कात्री असते.

कलम नर्सरीतल्या झाडापेक्षा उंच आणि विरळ का वाढतं?

कुंडीत विकायच्या झाडांना बुटकं ठेवायला वाढ रोखणारं औषध देतात. तुमच्या कलमावर ते नाही, त्यामुळे ते आपल्या मूळ उंचीनं वाढतं. दिवाळीच्या आत शेंडा खुडत राहा, आणि जागेत उजेड पुरेसा आहे ना ते बघा.

उटीला फिरायला गेलो होतो, तिथल्या बंगल्यातली फांदी आणू का?

विचारून आणा. लांब फांदी घ्या, पानं अर्धी करा, खालचं टोक ओल्या कापसात गुंडाळा, सगळी फांदी ओल्या वर्तमानपत्रात आणि मग पिशवीत. गाडीत सावलीच्या बाजूला ठेवा. दोन दिवस सहज टिकते. घरी आल्यावर खालचं टोक पुन्हा ताजं कापून लावा. फक्त उन्हाळी सुटीत आणलेली काडी नागपूर स्टेशनवर उतरतानाच अर्धी मेलेली असते, हे धरून चाला.

काडी कापायची भीती वाटते. दुसरा उपाय?

दाब कलम. पावसाळ्यात आईझाडाची खालची लवचिक फांदी शेजारच्या कुंडीत वाकवा, गाठीखालची साल थोडी खरवडा, तो भाग मातीत दाबून वर दगड ठेवा. शेंडा बाहेर राहू द्या. दोन-तीन महिन्यांत मुळं येतात, मग मधून कापा. वेळ जास्त लागतो, पण तोवर आई पाजत असते, त्यामुळे फसण्याची भीती जवळजवळ नाही.

घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. विषारी आहे का?

हो, खाल्लं तर. पानांत आणि कळ्यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. पोटदुखी, उलट्या, जुलाब होऊ शकतात. हात लावल्यानं बहुतेकांना काही होत नाही. छाटलेल्या फांद्या फाटकाबाहेर टाकू नका, गाई-बकऱ्या तोंड घालतात.

मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जातो. कलमाचं काय करायचं?

सुती कापडाची वात किंवा बुटाची नाडी कुंडीच्या तळाच्या भोकातून आत घालून दुसरं टोक झाकणाच्या डब्यातल्या पाण्यात सोडतात. ही युक्ती चालते, पण बंद घरात, पडदे ओढलेल्या खोलीत, आठवडाभर. पंधरा दिवस नाही. त्यापेक्षा ज्यांच्याकडे दिवसभर कूलर सुरू असतो अशा शेजाऱ्यांकडे द्या. एक कलम त्यांचं, एक तुमचं, असं सांगून. मी गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे दोन ठेवली होती. परत आले तर माझं सुकलेलं आणि त्यांचं तजेलदार. काकू म्हणाल्या, "दोघांना सारखंच पाणी घातलं बाई!" आता यंदाच्या श्रावणात त्यांच्याच झाडाची काडी मागणार आहे.